बाणा जुना चालेल, ताणा नवा हवा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून विणायला बसणार आहेस, आणि तेही लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून, हे कळलं. वयाबद्दल विचारलंयस, ते आधी उरकते. अमेरिकेत ओकलंडला क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचं कलाकेंद्र आहे. तिथे ज्युडिथ स्कॉट १९८७ साली आली, तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. तिला डाउन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. हाताला लागेल ती वस्तू सुताने गुंडाळत गेली, आणि २००५ मध्ये जाईपर्यंत तेच करत राहिली. तिची कामं आज संग्रहालयांत आहेत. घानाचा एल अनात्सुई जन्मला १९४४ साली. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर वस्त्रं करायला लागला तो पन्नाशीनंतर. आधीपासून शिल्पकार होता हे खरं, पण जगाला ठाऊक झाला तो बुचांमुळे. या दोघांकडून घ्यायचं ते एवढंच, की जोडण्याची रीत त्यांनी एक धरली आणि सोडली नाही. तिने गुंडाळलं, त्याने तारेने बांधलं. तू विणायचं म्हणतेस ना, मग तुझी रीत ताणा-बाणा, म्हणजे ताणलेले उभे धागे आणि त्यांत भरलेले आडवे. ती नीट बसली की भंगार कुठलंही आण.

तू विचारलंस, चिंध्या कुठून आणू. ते नंतर. आधी ताण्याचं ऐक. उभे धागे जुन्या कपड्यांचे, उसवलेल्या स्वेटरचे, सुतळीचे घ्यायचा मोह तुला होणार, कारण ‘सगळं टाकाऊतलं’ असं सांगायला बरं वाटतं. तसं करू नकोस. आडवा धागा नुसता जागेवर बसून असतो, उभा धागा सगळा भार सोसतो. विणायच्या लाकडी चौकटीवर ८४ धागे ताणलेस आणि प्रत्येकावर साधारण एक किलोचा ताण धरलास, तर वरच्या-खालच्या पट्ट्यांना ८४ किलोची ओढ बसते. शिवाय प्रत्येक फेरीला ओळ ठोकून बसवायचा दातेरी पंजा त्या धाग्यांवर घासतो. जुना धागा नेमका काम निम्म्यावर आल्यावर तुटतो. मग गाठ मारायची, ती गाठ धागे उचलायच्या फासात अडकते आणि शेजारचे दोन धागे सैल पडतात. उत्तर जपानात जुन्या सुती कपड्यांच्या पट्ट्या विणायची साकीओरी नावाची जुनी पद्धत आहे. तिकडे कापूस पिकत नसे, त्यामुळे चिंधी चिंधी जपून वापरत. तरीही चिंधी जायची बाण्यात, ताणा असायचा ताग-अंबाडीसारख्या चिवट धाग्याचा. गरिबीतसुद्धा लोकांनी ताण्यात काटकसर केली नाही.

म्हणून ताण्याला घट्ट पिळाचा, सतरंजीला लागतो तसला सुती दोरा विकत घे, एक ते दीड मिलिमीटर जाडीचा. दुकानातच परीक्षा कर. दोन्ही हातांच्या बोटांना दोन-दोन वेढे घे आणि झटका दे. बोटं दुखली आणि दोरा तसाच राहिला तर घे. पीळ सुटून तो लांबला तर ठेवून दे. नायलॉन नको. तो रबरासारखा ताणला जातो आणि काम उतरवल्यावर आखडून सगळी वीण गोळा करतो. रंग पांढरा किंवा मळखाऊ. काळा ताणा दिसायला देखणा, पण या वयात संध्याकाळच्या उजेडात काळे धागे मोजणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. पांढऱ्या ताण्यामागे एक गडद कापड टांगलंस की धागे उठून दिसतात.

आता चौकट. माग विकत घेऊ नकोस, निदान पहिल्या वर्षी. पाडकामाच्या ठिकाणी किंवा जुन्या बाजारात सागवानी खिडक्यांच्या चौकटी मिळतात. मुरलेलं लाकूड असल्याने त्या आता वाकत नाहीत, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. सुरुवात बसायच्या साध्या आसनांनी करायची, त्यांना आतलं माप ६० बाय ९० सेंटिमीटर पुरे. पट्टी निदान दोन इंच रुंद आणि एक इंच जाड हवी, आणि रुंद बाजू ओढीच्या दिशेला यायला हवी. उलटी बसवलीस तर पट्टी मधोमध आत वाकते. मग मधले धागे सैल, कडेचे ताठ, आणि वीण मध्ये फुगते. लोक म्हणतात ठोकण्यात चूक झाली, पण दोष पट्टीचा असतो. कोपऱ्यांना दोन-दोन स्क्रू आणि मागून लोखंडी अँगल. दोन्ही कर्ण टेपने मोज. ६० बाय ९० ला ते १०८ सेंटिमीटर यायला हवेत, आणि दोन्ही सारखे. अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही शेवटी आसनाच्या कडेला तिरपा दिसतो.

वरच्या आणि खालच्या पट्टीवर एक-एक सेंटिमीटरवर बिनडोक्याचे खिळे मार. एका ओळीत मारू नकोस, एक वर एक खाली असे दोन ओळींत मार, नाहीतर सागाची रेघ धरून पट्टी चिरते. खिळे किंचित बाहेरच्या बाजूला कलते असू देत. प्रत्येक खिळ्याला दोन धागे पडतात, म्हणजे सेंटिमीटरला दोन. चिंधीच्या पट्टीला एवढंच अंतर लागतं. धागे याहून दाट घेतले तर पट्टी त्यांच्यात शिरत नाही, वर बसते आणि ताणा उघडा पडतो. याहून विरळ घेतले तर आसन लिबलिबीत होतं.

हिशेब असा. रुंदी ४० सेंटिमीटर, धागे ८०. दोन्ही कडांचे दोन-दोन धागे दुहेरी घ्यायचे, कारण बाणा वळतो तिथेच झीज जास्त. झाले ८४. एका धाग्याला साधारण ९५ सेंटिमीटर, म्हणजे ८० मीटर. गाठींसाठी धरून ९० मीटर काढून ठेव. मध्येच दोरा संपला आणि जोडावा लागला तर गाठ खिळ्यापाशीच आली पाहिजे, मध्ये कुठेही नाही.

ताणा भरण्याआधी खालच्या खिळ्यांच्या आतल्या बाजूला बोटाएवढ्या जाडीची एक काठी ठेव आणि दोरा तिच्यावरून घेऊन ताण. ती कशाला, ते सांगते. बाणा भरत गेला की उभा धागा वरखाली वळत जातो, तेवढी त्याची लांबी खर्ची पडते, आणि सूत काही ताणलं जात नाही. शेवटच्या तिसऱ्या भागात धागे सतारीच्या तारेसारखे ताठ होतात आणि बाणा घालायची, धाग्यांमधली फट उघडेनाशी होते. त्या वेळी काठी उपसून काढायची. हवी तेवढी ढील मिळते. ज्यांना हे माहीत नसतं ते सुरुवातीलाच ताणा सैल ठेवतात, आणि सैल ताण्यावर पहिल्या दहा ओळी कधीच सरळ येत नाहीत. ताण बरोबर आहे का हे तळहाताने बघ. मधोमध दाबलं की साधारण सेंटिमीटरभर खाली जावं, आणि डावीकडे, उजवीकडे, मध्ये, सगळीकडे तेवढंच जावं.

फट उघडायला दोन साधनं. एक चपटी पट्टी, पाच-सहा सेंटिमीटर रुंद, एक धागा सोडून एक अशी ओवलेली. ती उभी केली की एक फट. उरलेल्या धाग्यांना गुळगुळीत दोऱ्याचे फास घालायचे आणि ते फास एका बांबूच्या काठीला बांधायचे. काठी उचलली की दुसरी फट. काठी तुझ्या बाजूला, पट्टी तिच्या पलीकडे. सगळे फास एकाच मापाचे हवेत, म्हणून ते हवेत बांधू नकोस, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून बांध. एक फास अर्धा सेंटिमीटर जरी लांब राहिला, तरी तो धागा पूर्ण उचलला जात नाही, बाणा त्याच्या वरून जातो, आणि चूक दिसते ती आठ ओळींनंतर. ठोकायला सतरंजीवाल्यांचा लोखंडी पंजा मिळाला तर उत्तम. नाहीतर जाड दातांचा लाकडी कंगवा, नाहीतर स्वयंपाकघरातला जड काटा.

आता चिंध्या. बोहारणीच्या गाठोड्यात जुन्या सुती साड्या सापडतात. पण त्या फुकट मागू नकोस, तिने भांडं देऊन घेतलेल्या असतात. शिंप्याकडे कातरणाची पोती पडलेली असतात. तिथे मात्र तुकडे वीतभर, त्यांतून लांब पट्टी निघत नाही, शेकडो जोड येतात. तुझ्या कामासाठी साडी, चादर, लुंगी, धोतर हे खरं धन. इचलकरंजीच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर रॅपियर आणि एअरजेट या बिनधोट्याच्या यंत्रमागांवर कापडाच्या कडेची जी झालरीसारखी पट्टी कापून पडते, ती मागव. तयार, अखंड, मैलभर लांब. तिला काही करावं लागत नाही, थेट बाण्यात जाते. मात्र तिच्यात बहुधा पॉलिस्टर असतं, आणि ती निसरडी असते. ओळी ठोकल्यावर मागे सरकतात, म्हणून दोन ओळी तिच्या झाल्या की एक ओळ जाड सुताची घाल.

कापड काय आहे हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, जाळून बघ. चिमट्यात चार धागे धर, खाली पाण्याची वाटी ठेव. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि राखाडी भुकटी. रेशीम-लोकर असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. मिश्र कापड आधी जळतं आणि मागे मणी ठेवतं. मग ताकद. आडवं फाडून बघ, टर्रकन फाटलं तर कापडात जीव आहे. फाटताना आवाजच आला नाही, नुसतं सुटत गेलं, तर ते कुजलेलं आहे, कितीही सुंदर रंग असला तरी टाक. जुन्या रेशमाचं हे फार होतं. घडीवर चिरा पडलेल्या असतात आणि हात लावला की सांडतं.

घरात आणलेलं काहीही धुतल्याशिवाय मागाजवळ न्यायचं नाही. सुती असेल ते कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजव. खळ निघते आणि ढेकूण असले तर मरतात. खळ राहिली की कसर लागते. लोकर-रेशमाला सोडा अजिबात नको, त्यांना पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेव. रंग जातो का ते बघायला ओल्या पांढऱ्या फडक्यावर गरम इस्त्री दाब. फडक्यावर डाग आला तर ते कापड वेगळं धू, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं सगळे सांगतील. सुती कापडाच्या बाबतीत त्याचा उपयोग होत नाही. लाल आणि गर्द निळा हे दोघे नेहमीचे संशयित.

पट्टीची रुंदी कापडाच्या जाडीवर. पातळ साडी तीन ते चार सेंटिमीटर, शर्टाचं कापड अडीच, चादर दोन, जीन्स एक ते दीड, टी-शर्ट अडीच. सूत्र एकच: पट्टी चिमटीत पिळून धरली की सगळ्यांची जाडी सारखी वाटली पाहिजे. सुती साडी कापू नकोस, लांबीत फाड. कडेला धाग्यांची लव येते, ती विणीत छान बसते. पण फाडण्याआधी काठ आणि पदर वेगळे कर. काठ टणक असतो आणि धुतल्यावर वेगळाच आटतो, त्या ओळी उंचवट्यासारख्या दिसतात. त्यांचं वेगळं काम कर. पॉलिस्टर कातरीने किंवा गोल चाकाच्या कटरने काप. टी-शर्ट काखेखालचा भाग घेऊन गोल गोल, नागमोडी न जाता, एकच अखंड पट्टी निघेल असा काप आणि मग हातभर-हातभर ओढत जा. ती आपणहून गुंडाळून दोरी बनते. कापताना खिडकी उघडी ठेव, नाकाला मास्क लाव. जीन्स आणि गोणपाटाची धूळ घशात बसते. कटर वापरताना अंगठ्यावर जोर येतो. साडेपाच मीटरच्या साडीच्या पट्ट्या एका बैठकीत काढायचा हट्ट धरू नकोस.

किती लागेल याचा अंदाज डोळ्यांनी करू नये. काठ काढल्यावर साडी मीटरभर रुंद राहते. तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या ३३ निघतात, प्रत्येकी साडेपाच मीटर (पदर काढल्यावर थोडी कमी), म्हणजे पदरासकट १८० मीटर. ४० सेंटिमीटर रुंदीवर घट्ट ठोकलंस तर दहा सेंटिमीटर उंचीला १७-१८ मीटर खपतात, म्हणजे एका साडीत साधारण मीटरभर. पण प्रत्येकाचा हात वेगळा. पहिले दहा सेंटिमीटर विणून किती मीटर गेले ते मोज आणि वहीत लिही. अर्ध्यावर निळा संपला आणि तसला निळा पुन्हा मिळत नाही, हे या कामातलं कायमचं दुखणं आहे, दुकानात जाऊन आणता येत नाही. म्हणून विणायला बसण्याआधी सगळा माल मोजलेला हवा.

जोड देताना गाठ नको. दोन्ही टोकं तिरपी काप, पाच सेंटिमीटर एकावर एक ठेव, फटीत पीळ देऊन बसव आणि ठोक. टोकाला भोक पाडून एकात एक अडकवायची पद्धत वेगवान आहे, पण तिथे खडा लागल्यासारखं टोचतं. भिंतीवरच्या कामात तर तो गोळा सावली पाडतो. आणि जोड कधीही कडेला आणू नकोस.

विणताना सगळ्यात आधी बिघडते ती रुंदी. चाळीसने सुरू केलेलं आसन वर जाता जाता पस्तीस होतं, कमरेत आवळल्यासारखं. पट्टी सरळ आडवी टाकून ठोकली की हे होतं. पट्टीला प्रत्येक उभ्या धाग्याच्या वरखाली जायला जास्तीची लांबी लागते, ती मिळाली नाही की ती कड आत ओढून घेते. म्हणून पट्टी कमानीसारखी टाक. ४० सेंटिमीटरला कमान मध्ये पाच-सहा सेंटिमीटर उंच. मग कमान मधोमध दाब, मग डावी-उजवी, मग ठोक. फार कमान झाली तर पृष्ठभागावर पट्टीच्या फासळ्या उठतात, मग कमी कर. कागदाच्या पट्टीवर ४० सेंटिमीटरची खूण करून ठेव आणि दर पाच सेंटिमीटरला लावून बघ. तरीही आत येत असेल तर कडेला सेफ्टी पिन लावून दोऱ्याने चौकटीच्या उभ्या बाजूला बांध. कडेला पट्टी वळताना अर्धा पीळ दे, लव आत जाते आणि काठ शिवल्यासारखा दिसतो.

दुसरा दोष म्हणजे ओळी हसणं: कडा वर, मध्य खाली. कडेचे धागे सैल असले की तिथे पंजा नीट बसत नाही. वरच्या खिळ्यांपाशी त्या धाग्यांखाली बांबूची काडी सरकव, ताण सारखा होतो. मध्य वर आणि कडा खाली असतील तर उलट समज. दोन-तीन ओळींचा फरक असताना दुरुस्त कर. खोलगट भागात आखूड पट्टीच्या जादा ओळी भरून पातळी आणता येते, आणि भित्तिचित्रात, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रात, तर मुद्दाम तसं केलं की डोंगरउतार मिळतो.

सुरुवातीला दोन सेंटिमीटर जाड सुताच्या ओळी घाल, म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर पसरतात. खालीवर दशांसाठी पाच-पाच सेंटिमीटर सोड. वरचे आठ-दहा सेंटिमीटर हाताने फट उघडत नाही, तिथे मोठ्या सुईने भर, नाहीतर सोडून दे. ९० च्या चौकटीत ७० सेंटिमीटरचं काम निघतं, आणि उतरवल्यावर ताण गेला की तेही ६५-६६ भरतं. कुणाला माप सांगताना हे लक्षात ठेव. उतरवताना सगळे धागे एकदम कापायचे नाहीत. चार-चार कापून लगेच गाठ मार, गाठ विणीला टेकवून ओढ, मग पुढचे चार.

एवढी तीन-चार साधी आसनं झाली की चित्राकडे वळ, त्याआधी नको. रंग जुळवताना चिंध्यांचे गोळे ओळीने मांडून फोनवर काळा-पांढरा फोटो काढ. रंग वेगळे असूनही सगळे एकाच करड्या छटेत आले, तर भिंतीवर ते काम दहा फुटांवरून सपाट दिसणार. जुन्या कपड्यांत हे फार होतं, कारण धुऊन धुऊन सगळं मध्यम होतं. अगदी गडद आणि अगदी फिकं मुद्दाम शोधावं लागतं. छापील कापड दुमडून उजवी बाजू बाहेर ठेवत विणायला वेळ लागतो, पण आसनाला नाही तरी भित्तिचित्राला ते करावं. दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तिथे फट राहते. चिंधीत ती दोन सेंटिमीटरच्या वर गेली की तोंड वासते, म्हणून तिथे दोन्ही पट्ट्या एकमेकींत अडकवून परतव, नाहीतर रेषा तिरपी घे. तिरकस रेषेत फट राहतच नाही.

विणकर-कलावंत मोनिका कोरिया यांचं काम कुठे पाहायला मिळालं तर नक्की बघ. मुंबईच्याच. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, आणि विणकामाकडे वळल्या साठच्या दशकात. विणता विणता मागाची फणी, म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर धरणारी दातेरी चौकट, काढून टाकायची युक्ती त्यांनी केली. फणी गेली की उभे धागे आपापल्या वाटेने वळतात, एकमेकांजवळ येतात, लांब जातात, आणि झाडाची साल किंवा पाण्याची धार असं काहीतरी तयार होतं. पण हे करता येतं ते ताण सगळीकडे सारखा असतो म्हणून. सैल ताण्यावर फणी काढली असती तर नुसता गुंता झाला असता. आपले चित्रकार प्रभाकर बरवेही हातमागासाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी करत चित्रं काढत होते. हातमागावरचं काम आणि चित्र यांच्यात भिंत आहे असं तुला कुणी सांगितलं तर ऐकून घे आणि विणत राहा. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात एकदा जाऊन ये. मागावर बसलेल्या माणसाचे हात बघितले की मी दहा ओळींत लिहिलेलं एका मिनिटात कळतं.

कापडाखेरीजच्या भंगाराचं थोडक्यात. सायकलची ट्यूब एक सेंटिमीटरच्या पट्टीत सुंदर विणली जाते, पण आतली पावडर धुऊन घे आणि जुन्या जरीजवळ तिला नेऊ नकोस. रबरातल्या गंधकाने चांदीची जर काळी पडते. लोखंडाची तार, खिळे, वायसर सुतात घालायचे असतील तर आधी लाखेचा किंवा वार्निशचा हात दे. गंज नुसता डाग पाडत नाही, सूत खातो. सिमेंटची आणि खताची पोती दिसायला विणलेलीच असतात, म्हणून हात जातो, पण उन्हात काही महिन्यांत त्यांचा भुगा होतो. आतल्या खोलीच्या भिंतीसाठी ठीक, बाल्कनीसाठी नाही. दुधाच्या पिशव्यांची पट्टी ओढली की लांबते, म्हणून ती बाण्यात सैल टाक. कॅसेटची फीत काळी चकचकीत दिसते, नुसती विणलीस तर निसटते, सुताच्या ओळीबरोबर जोडीने टाक. विजेच्या वायरीतलं तांबं हवं असेल तर ब्लेडने साल काढ. कुणी जाळून काढून देतो म्हणाला तर नको म्हण, तो धूर विषारी. दवाखान्यातलं कापड कितीही धुतलेलं असलं तरी आणू नकोस.

आणि हे सगळं एकदम घरात आणू नकोस. पहिलं वर्षभर एकच माल धर: सुती साड्या. एकाच मालाच्या सवयी हाताला कळल्या की दुसरा माल कुठे आडवा येतो ते लगेच समजतं. पाच प्रकार एकत्र घेऊन बसलेल्यांच्या घरात वर्षाअखेरी पोती असतात आणि विणलेलं काही नसतं. फ्लॅटमध्ये राहतेस, एक कपाट ठरव, त्याच्या बाहेर माल जाऊ द्यायचा नाही. पावसाळ्यात चिंध्या प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवल्या तर बुरशी येते. सुती पिशवीत, भिंतीपासून चार बोटं लांब ठेव.

चौकट टेबलाला टेकवून थोडी तिरपी लाव, विणायची ओळ कोपराच्या उंचीला येईल अशी. ओळ वर सरकत जाते तशी खुर्ची नाही, चौकट खाली घे. ठोकताना खांद्यातून ठोक, मनगटातून नाही. पाऊण तासाला उठायचंच.

टांगण्याचं नीट समजून घे, कारण इथेच चांगली कामं लोंबतात. चिंधीचं काम जड असतं. उभे धागे उभेच राहतील असं टांगलंस तर वजन नव्या ताण्यावर येतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. चित्र आडवं करून टांगायचं असेल तर सगळा भार जुन्या पट्ट्यांवर येतो, त्या हळूहळू लांबतात आणि खालची कड पोटासारखी पुढे येते. आडवंच हवं असेल तर मागून जाड सुती कापडाचं अस्तर लाव आणि वीतभर अंतरावर वरपासून खालपर्यंत टाके घालून वजन त्याच्यावर घे. वर मागच्या बाजूला कापडाची नळी शिव, तिच्यात लाकडी पट्टी सरकव. खिळा पट्टीला मार, विणीला कधीच नाही. ऊन थेट पडेल अशी भिंत नको. जुना रंग आधीच अर्धा उडालेला असतो, उरलेला दोन उन्हाळ्यांत जातो.

मागे अस्तरावर कापडी चिठ्ठी शिव: ताणा कशाचा, बाणा कशाचा, कुठून आणलेला, धुवायचं कसं, साल कोणतं. विकायला काढशील तेव्हा किंमत कोऱ्या कापडाच्या भावाने करू नकोस. माल स्वस्त असला तरी धुणं, फाडणं, निवडणं यांत विणण्याएवढाच वेळ जातो, तो धर. शेजारणींना भेट म्हणून देत सुटू नकोस, पहिली चार स्वतःकडे ठेव. त्यांतले दोष पुढच्या ताण्याच्या वेळी बघायला लागतात.

चौकट झाली की कर्णांची मापं आणि ताण्याचा फोटो पाठव. ताणा भरल्यावर लगेच विणायला घेऊ नकोस, एक रात्र तसाच राहू दे. सकाळी काही धागे सैल पडलेले सापडतील, ते ओढून घे आणि मग पहिली ओळ टाक.

तुझी,
आई

ता. क. काठ आणि पदर काढून ठेवशील ते फेकू नकोस. सेंटिमीटरला तीन धाग्यांच्या ताण्यावर, दहा सेंटिमीटर रुंदीत, नुसत्या काठांचे पट्टे विणले की पिशवीला धरायला बंद होतात. त्यात जरीचा काठ घेऊ नकोस, जर तळहाताला टोचते.